माहेर नसलेली मंडळी

३ जून, दुपारी, प्रेसमध्ये

ही डायरी एका औषधवाल्यासाठी छापली होती. कव्हरचा रंग पसंत पडला नाही म्हणून त्याने सगळा गठ्ठा परत पाठवला. वर छापलेले वार आता जुळत नाहीत, ते खोडून लिहितोय.

लिहायला बसण्याचं कारण असं की काल उपासनेनंतर समितीची सभा झाली. ऑगस्टअखेर आमच्या मंडळीचा हीरक महोत्सव. स्मरणिका काढायची ठरली आणि तिच्यात मंडळीची वंशावळ द्यायची. आमची मंडळी कुणाच्या पोटी जन्मली, तिची आई कोण, त्या आईची आई कोण, असं थेट मुळापर्यंत. पाळक म्हणाले, "बाप्टिस्ट मंडळी आकाशातून पडत नाही. चार माणसं एका मंडळीतून उठतात, आशीर्वाद घेतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. ते उठणं-बसणं शोधून काढायचं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चिटणीस, शिवाय छापखाना माझा. म्हणजे शोधायचं मी, लिहायचं मी, छापायचं मी, आणि चूक निघाली की बोलणी खायची तीही मीच.

खरं सांगायचं तर मनातून गुदगुल्या झाल्या. आमची आई म्हणजे दगडी मंडळी, हे शेंबडं पोरही सांगेल. शहराच्या मधोमध, उंच खिडक्या, सागवानी बाकं, आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो. तिथले एक डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, त्यांच्या मुलाशी माझ्या लेकीचं लग्न ठरतंय. "आमची लेक आजोळीच सून होऊन चालली," असा विनोद मी सभेत केला. लोक हसले. पुन्हा कुठेतरी करायला हरकत नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, "तू पहिल्या सभासदांतली. सुरुवातीचं काहीतरी सांग."

ती भाजी निवडत होती. "मला काय आठवतंय आता. दगडी मंडळी आपली आई. लिही आणि मोकळा हो."

माझ्या लग्नात कोण कुठल्या बाकावर बसलं होतं आणि कोण रुसून लवकर गेलं, हे जिला पाठ आहे तिला हे आठवत नाही! वय झालं, दुसरं काय.

११ जून

बंदरावरच्या मंडळीत जाऊन आलो. ही दगडी मंडळीची आई, म्हणजे आमची आजी. आता तिथे फरशी नवी आहे आणि पंखे जुने. बाप्तिस्म्याचा हौद, आमच्यात माणसाला पुरतं बुडवतात ना, तो व्यासपीठाच्या फळ्यांखाली आहे. चार जणांनी मिळून फळ्या उचलून दाखवल्या. आत कोरड्या तळाला एक चप्पल पडली होती. तिथल्या चिटणीसबाईंनी सांगितलं की त्यांची मंडळी समुद्रापलीकडच्या एका मंडळीतून निघाली, आणि ती पलीकडची मंडळी पहिल्यांदा जमली ती एका पिठाच्या गिरणीच्या गोदामात. म्हणजे आमची पणजी पिठात जन्मली. हे वाक्य स्मरणिकेत घालावं का? पाळकांना विचारायला हवं.

परतीच्या गाडीत उगाच ताठ बसलो होतो. राजघराण्यातल्या माणसाला आपली वंशावळ सापडावी तसं वाटत होतं.

१९ जून

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही याचा विचार करत प्रेसचं शटर अर्धं ओढून बसलोय.

एकच दुवा उरला होता: दगडी मंडळीने आम्हाला कधी आणि कसं वेगळं थाटून दिलं. त्यासाठी तिथल्या निवृत्त पाळकांकडे गेलो. पंच्याऐंशीच्या पुढचे, पाय गेले, जीभ शाबूत. खिडकीशी आरामखुर्चीत, मांडीवर मांजर.

"तुमची मंडळी आमची लेक म्हणतोस?" ते हसले. "अरे, दत्तक लेक म्हण!"

मला वाटलं चेष्टा करतायत. "म्हणजे?"

"जन्म दिला वसाहतीने. टेकडीपलीकडची महारोग्यांची वसाहत. तिथे चांगली भरलेली मंडळी होती. रोग्यांची पोरं निरोगी होती, त्यांना इथे वसतिगृहात ठेवून शिकवलं. ती मोठी झाली, नोकऱ्यांना लागली. तेव्हा वसाहतीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून इथे मंडळी थाटून दिली. हात म्हणजे, जेवढे उरले होते तेवढे."

स्वतःच्या विनोदावर ते हसले. मांजर उठून गेलं.

"मग आम्ही तुमचे कसे झालो?"

"बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघात घ्यायची वेळ आली आणि लोकांनी नाकं मुरडली. त्या हौदात बुडून आलेली माणसं, आमच्या शेजारी प्रभुभोजनाला बसणार? मग तोड निघाली. आमच्या हौदात पुन्हा एकदा बुडवायचं, आमच्या पटावर नावं घालायची, आणि पहिला बाप्तिस्मा झालाच नव्हता असं धरून चालायचं. आपण बाप्टिस्ट! विश्वास धरून पाण्यात उतरलेल्या माणसाला पुन्हा उतरवणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं. सगळ्यांना कळत होतं. मी तेव्हा नवखा, टॉवेल घेऊन काठावर उभा. एकेक पोर भिजून वर यायचं. काही रडत होती. आम्ही म्हटलं, आनंदाने."

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"मी तर येईल त्याला सांगतो," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाचं कोण मनावर घेतंय. रस्त्यावर आल्यावर मनात आलं, हे आता किती दिवसांचे सोबती, त्यांच्याबरोबर ही गोष्टही जाईल. आणि मला बरं वाटलं. हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही.

२० जून

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. हातात हात दिल्याने होत नाही. आरोग्य खात्याचं तसं पत्रक मी स्वतः छापलंय, ठळक टाइपात, दोन रंगांत. तरी काल घरी येऊन मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मी फक्त निवृत्त पाळकांशी बोललो होतो.

आई दारात उभी राहून बघत होती. "कुठे गेला होतास?" म्हणाली. मी म्हटलं, शाईचे डाग.

आईसुद्धा त्याच वसतिगृहात वाढली. ती अनाथ, माहेर म्हणून तिला कधीच नव्हतं. म्हणजे बिचारीला लहानपणी तसल्या मुलांबरोबर राहावं लागलं असणार. म्हणूनच त्या दिवसांबद्दल बोलत नाही.

२८ जून

वसाहतीत गेलो होतो. कशाला गेलो? चिटणीस आहे म्हणून, असं स्वतःला सांगितलं. तिथे आता कुणी नसेल, मंडळी मोडून गेली असेल, म्हणजे प्रश्नच मिटला, ही आशाही होती.

बस टेकडीच्या अलीकडे थांबते, पुढे चालत. चुन्याने रंगवलेली बुटकी घरं, हातमागांची शेड, बंद पडलेला दवाखाना. उपासनेची खोली एकच, पण बाकांना बाजूने जाड दांडे बसवलेले, उठताना कोपराने रेटा देता यावा म्हणून. हौद बाहेर, उघड्यावर. त्यात उतरायला पायऱ्या नाहीत, उतार आहे. ज्यांना पाय नाहीत त्यांनाही उतरता यावं म्हणून तसा बांधलाय. मी तीन शहरांतले हौद बघितले, हे कुणाला सुचलेलं नाही.

तिथे सगळं बघते ती एक बाई. दवाखान्यात नर्स होती, दवाखाना बंद झाला तरी गेली नाही. सगळे सिस्टरबाई म्हणतात. पाळक नाही, म्हणून उपासनाही तीच चालवते. मी कोण ते सांगताच तिने साडीला हात पुसले आणि आत बघून ओरडली, "अगं, लेकीकडून माणूस आलंय!"

आठ-दहा म्हातारी माणसं जमली. खुर्ची आली, चहा आला. कप माझ्या हातात. मी म्हटलं, "मला पित्ताचा त्रास आहे हो, चहा चालत नाही."

"बरोबर आहे," सिस्टरबाई म्हणाली. "या टेकडीवर पाहुण्यांना पित्त फार होतं." आणि कप स्वतः पिऊन टाकला. चेहऱ्यावर काही नाही. मला चष्मा पुसावासा वाटला.

दाराशी एक म्हातारा बसला होता, बोटं झिजून गेलेली, कानांनी जवळपास बहिरा. तो मला निरखत राहिला आणि एकाएकी म्हणाला, "बुटकीचा ना रे तू?"

मी मंडळीतला सगळ्यांत उंच माणूस. हसू आलं. सिस्टरबाई त्याच्या कानाशी ओरडली, "चिटणीस आहेत ते! कामासाठी आलेत!" पण मग तीही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

निघताना काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हीरक महोत्सव आहे. या ना." वाटेत भेटलेल्याला आपण 'या एकदा घरी' म्हणतो तसं. "येऊ की," ती म्हणाली. तिनेही तसंच म्हटलं असावं.

२९ जून

जेवताना आईला सहज सांगितलं की कामासाठी टेकडीपलीकडे गेलो होतो, आणि एका म्हाताऱ्याने मला 'बुटकीचा' म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"होता कुणीतरी. भ्रमिष्ट असावा."

"भ्रमिष्ट नसेल," आई म्हणाली. भाताचं पातेलं उचलून आत गेली, ते तिथेच. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "जेवण मिळतं का रे नीट?"

"कुणाला?"

"तिथल्या लोकांना. सगळ्यांनाच."

आईचा स्वभावच तसा, जगाची काळजी. मी म्हटलं, मिळत असणार. ती बाहेर आलीच नाही. उरलेलं जेवण मी एकट्यानेच उरकलं.

२० जुलै

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. लग्नपत्रिकांचा हंगाम होता.

आज पाळक प्रेसमध्ये आले. कागदाच्या रिमांवर बसले, पाय हलवत. "मग, सगळे दुवे जुळले?"

"जुळले."

"दगडी मंडळीशी आपलं नातं कसं जुळलं, ते सापडलं?"

"आपण त्यांची लेक. सरळच आहे."

"काही राहिलं असलं तर सांगा. गैरसोयीचं असलं तरी चालेल. चार पानं वाढवू, त्यात काय."

राहिलं नाही म्हटलं. ते रिमांवरून उतरले आणि गेले. पाळक तरुण आहेत, त्यांना लग्नाच्या मुली नाहीत. व्याही उद्या तारीख पक्की करायला येणार. दगडी मंडळीच्या त्या सागवानी बाकांवर एकदा कुजबूज सुरू झाली, की या लोकांचं मूळ महारोग्यांत आहे, तर पुढे काय होईल हे मला कुणी सांगायला नको. मी बाप आहे. आईबापाला काही गोष्टी पोटात घालाव्या लागतात.

हे लिहून वाचलं. पत्रकातल्या वाक्यासारखं दिसतंय.

५ ऑगस्ट

वंशावळीचं पान लावलं. वर गिरणीतली मंडळी, खाली बंदरावरची, मग दगडी, मग आम्ही. प्रत्येकीची एक चौकट, मध्ये रेघ.

आधी दुसरंही करून बघितलं होतं. आमच्या चौकटीच्या वर 'वसाहतीची मंडळी' अशी चौकट केली, आणि दगडी मंडळीची रेघ बाजूने, तुटक काढली, दत्तकाची असते तशी. पान चांगलं दिसत होतं. किंबहुना खरं दिसत होतं. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला, महोत्सवाला त्यांच्याकडची किती माणसं येणार ते सांगायला. आवाजात कौतुक होतं. "तुमची ती वंशावळ बघायची आहे हो आम्हाला," म्हणाले.

फोन ठेवला आणि ती चौकट काढून टाकली. एक कळ दाबली, झालं. बाकीच्या चौकटी आपोआप सरकल्या आणि जागा भरून निघाली.

मग प्रूफ वाचलं. पुन्हा वाचलं. एकही चूक नाही. इतकं स्वच्छ प्रूफ माझ्या हातून क्वचित निघतं. प्लेट करायला दिली.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

ते आले. मी फाटकाशी पाहुण्यांचं स्वागत करत होतो, व्याही नुकतेच आत गेले होते, आणि समोर टेम्पो थांबला. मागून सिस्टरबाई उतरली. मग तिने एकेकाला हात देऊन उतरवलं. दोन म्हाताऱ्या बायका, एक कुबड्यावाला, आणि तो ऐकू न येणारा म्हातारा, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्याच्या काखेत एक सतरंजी होती, त्यांच्या मागावर विणलेली, मंडळीला भेट द्यायला.

"बोलावलंत, आलो," सिस्टरबाई म्हणाली.

आत मागची तीन बाकं रिकामी होती. मला दिसत होती. मी म्हटलं, "आत फार गर्दी झालीय हो. तुम्हाला त्रास होईल. संडे स्कूलच्या खोलीत बसा ना, तिथे स्पीकर लावलाय, सगळं ऐकू येतं."

ती आत बघत होती. तिला बाकं दिसली, नक्की दिसली. "चालेल की," म्हणाली. "आम्हाला ऐकायचंच आहे."

लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर ते बसले. भिंतीवर मुलांनी रंगवलेली नोहाची नाव. सतरंजी मी घेतली आणि ऑफिसात कपाटामागे ठेवली.

जुन्या सभासदांचा सत्कार होता म्हणून आई पहिल्या बाकावर होती. टेम्पोतून उतरलेली माणसं बाजूच्या दारासमोरून गेली तेव्हा तिने मान वळवली. त्या म्हाताऱ्याला तिने बघितलं. मग मान पुन्हा सरळ केली, आणि शेवटपर्यंत हलवली नाही. फुलं देताना तिच्या हातातून दोनदा पडली.

वंशावळ मीच वाचली. "आपली आई, दगडी मंडळी," म्हणताना आवाज स्पीकरवरून पलीकडच्या खोलीत जातोय हे मला माहीत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडूनही टाळ्या आल्या. बोटं नसलेल्या हातांच्या टाळीचा आवाज वेगळा असतो, बोथट. हे मला काल कळलं.

जाताना स्मरणिका मीच त्यांच्या हातात दिल्या. न देणं बरं दिसलं नसतं. सिस्टरबाईने तिथेच उभ्याने उघडली. वंशावळीच्या पानावर थांबली. खालून वर बोट फिरवलं, मग वरून खाली. मी कारण शोधत होतो, जागा कमी पडली, घाई झाली, असं काहीतरी.

"छपाई छान झालीय," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

त्याच दिवशी, नंतर

लेकीने सकाळी मला धरलं. ती काल पाहुण्यांना चहा द्यायला त्या खोलीत गेली होती.

"बाबा, त्या लोकांना तिथे का बसवलंत?"

मी गर्दी म्हटलं. ती म्हणाली, "मागची बाकं रिकामी होती." मग मी तिच्या लग्नाचं बोललो. तिच्या सासरचं, लोकांच्या तोंडाचं.

"तुम्ही हे माझ्यासाठी केलंत?"

"मग कुणासाठी?"

"बाबा, त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. ते म्हातारे पाळक त्याच्या आईकडून लांबचे आजोबा लागतात, ते तर येईल त्याला सांगतात! पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं होतं, तुमच्या मंडळीची ती वसाहतीतली आई कशी आहे, म्हणून. त्याच्या वडिलांना तर वाटत होतं, निदान आता तुम्ही ते छापाल." तिचा आवाज फाटला. "मला एकदा विचारायचं तरी!"

म्हणजे वंशावळ बघायची आहे असं व्याही म्हणाले, ते या चौकटीसाठी. म्हणजे पाळक रिमांवर बसून वाट बघत होते ती हीच. सगळं गाव चौकट उघडून बसलं होतं, आणि मी एकटा ती झाकत होतो. कुणासाठी? दुसऱ्यांच्या भीतीने केलं असं म्हणायचीही सोय राहिली नाही. लाज माझी होती. माझी एकट्याची, घरची, वापरातली.

आई कालपासून जेवली नाही. दुपारी तिच्या खोलीत ताट घेऊन गेलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "कुणी दिला रे त्याला नवा सदरा?"

"कुणाला?"

"माझ्या भावाला."

ताट खाली ठेवायला मला जागा सापडेना.

तिने मग सांगितलं, भिंतीलाच सांगितल्यासारखं. आईबाप दोघं वसाहतीतले. दोघं भावंडं निरोगी म्हणून वसतिगृहात आली. वर्गात सगळ्यांत लहानखुरी ती, म्हणून भाऊ बुटकी म्हणायचा. बाप्तिस्मा तिथल्या उघड्या हौदात एकाच दिवशी झाला, आधी तो, मग ती. नंतर भावाच्या पाठीवर चट्टा उठला आणि त्याला परत नेलं. पुढच्याच हिवाळ्यात दगडी मंडळीत पुन्हा बुडवायचं ठरलं.

"पाण्यात उतरल्यावर त्यांनी विचारलं, मागे कोण आहे तुझं? सगळ्यांनाच विचारत होते. मी म्हटलं, कोणी नाही. तसंच बुडवलं मला."

"आई, तू मला कधीच..."

"तुझ्या बापालाही नाही." मग तिने तोंड माझ्याकडे केलं. "तू काल वाचलंस ना, ते चूक नव्हतं. माझ्याच तोंडचं होतं. मीच सांगितलं होतं तुला, लिही म्हणून."

मला तिला म्हणायचं होतं की नाही, माझं वेगळं आहे, मला सगळं माहीत होतं. त्याऐवजी हातातलं ताट तिच्यापुढे धरलं.

रविवार

आईला घेऊन वसाहतीत गेलो. लेक येते म्हणाली. आई म्हणाली, आज नको, आज आम्ही दोघंच. काखेत मारून आणलेली ती सतरंजी कपाटामागून काढून परत न्यावी का, असं विचारलं तर म्हणाली, "दिलेलं परत नेतात का? अंथर देवळात." जाण्याआधी तेवढं केलं. पाळक बघत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नवं पान छापू. मी हो म्हटलं. पण छापणं मला फार सोपं जातं, म्हणून आधी तिकडे जायचं.

उपासना सुरू झाली होती. मामा पुढच्या बाकावर. आम्ही दाराशी बसलो; आईनेच मला पुढे जाऊ दिलं नाही. सिस्टरबाईने बघितलं, मान हलवली आणि पुढे चालू ठेवलं. प्रार्थनेच्या वेळी तिने एकेक नाव घेतलं. आजारी माणसं, राज्य चालवणारी माणसं, दूर गेलेली मुलं. मग म्हणाली, "आणि प्रभू, शहरातल्या आमच्या लेकीला सांभाळ. तिची भरभराट कर." सगळे जण एका सुरात "तिची भरभराट कर" म्हणाले. न बघता, न अडखळता. दर रविवारी म्हणत असणार, तितकं तोंडात बसलेलं होतं. साठ वर्षं.

मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

"आज लेकीकडून माणसं आलीत," सिस्टरबाई म्हणाली. "खुशाली सांगा."

उभा राहिलो. पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. म्हटलं, "आम्ही पुस्तक छापलं. आमची मंडळी कुणाची लेक, ते त्यात आहे. तुमचं नाव त्यात नाही. राहून गेलं नाही. मी घातलं होतं, मीच काढलं. आणि त्या दिवशी आत जागा होती."

एका म्हातारीने पदर ओठांवर धरला. मामाने आजूबाजूचे चेहरे बघितले आणि मोठ्याने विचारलं, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?"

सिस्टरबाई त्याच्याकडे वाकली. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या कानात ओरडली, "म्हणतोय, सगळे खुशाल आहेत!"

"देवाची स्तुती असो!" मामा म्हणाला. चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. मी खाली बसलो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

आईने माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा, पिळून. "ऊठ," म्हणाली. "ती उजव्या कानात बोलली. उजवा कान त्याचा लहानपणापासून वाहायचा, अर्धंच ऐकू यायचं त्यात. डाव्या कानाशी जा आणि सांग."

तिला धरून पुढे गेलो. दोघं त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिलो. मी वाकलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, ओरडून, एकेक शब्द सुटा करून. ओरडून सांगताना काही लपवता येत नाही. त्याने ऐकलं. "छापायचं राहिलं म्हणजे?" म्हणाला.

"राहिलं नाही, मामा. मी काढलं."

मामा म्हटल्यावर त्याने मान वर केली. माझ्या पलीकडे बघितलं. ती जेमतेम त्याच्या डोक्याइतकी होती, तो बसलेला आणि ती उभी असताना.

"बुटके," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो," आई म्हणाली. "मी पण तेच केलं. तुझं नाव नाही घेतलं."

त्याने तोंड फिरवलं. सिस्टरबाईने गीत सुरू केलं. सगळे दांड्यांवर कोपरं रेटून उभे राहिले. मामा बसून राहिला, समोर बघत. गीत लांबलचक होतं. आई त्याच्याशेजारी उभी, हात पुढे बांधून, वर्गात चुकलेल्या मुलीसारखी. एक कडवं झालं, दुसरं झालं. बाकाचा दांडा हाताशी होता, तरी तिने धरला नाही.

शेवटच्या कडव्याला मामा सरकला. कोपर टेकून, जड अंगाने, हळूहळू, आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली. आई बसली.

माझ्यासाठी त्याने जागा केली नाही. मी उभाच राहिलो, उपासना संपेपर्यंत.